घराकडचं दार

१

झुंबरबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे आणि नेणारी एकटी प्रज्ञा. नवरा राजदीप धुळ्याला सूतगिरणीत सुपरवायझर होता. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने तो जळगावला येई आणि सोमवारी उजाडताच परत जाई. मधल्या दिवसांत पिंप्राळ्यातल्या त्या बैठ्या घरात सासू-सून दोघीच. प्रज्ञा हॉस्पिटलच्याच गल्लीत एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळी सासूबाईंना मशीनवर लावून द्यायचं, आपली ड्यूटी करायची आणि दुपारी त्यांना घेऊन घरी यायचं, असा सगळा बेत बसलेला होता.

आधी ही ने-आण रिक्षाने चाले. डायलिसिसनंतर झुंबरबाई पिळून काढलेल्या फडक्यासारख्या होत, त्यात रिक्षाचे हिसके. एकदा त्या रस्त्यातच ओकल्या, तेव्हा राजदीपने जुनी का होईना पण गाडी घेतली. मागच्या सीटवर डाव्या बाजूला उशी ठेवलेली असे. झुंबरबाई तिथे अंग टाकत आणि घर येईपर्यंत डोळे मिटून राहत.

त्यांच्या डाव्या हाताची शीर धमनीला जोडलेली होती. तिथे बोटं ठेवली की कातडीखाली सतत घरघर लागे, मांडीवरचं मांजर गुरगुरावं तशी. ही घरघर रोज तपासत जा, ती थांबली तर धावत या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रज्ञा रोज सकाळी चहा देताना सासूबाईंचा हात हातात घेई. बाहेरून बघणार्‍याला वाटावं, काय माया आहे! माया होतीच म्हणा. पण झुंबरबाई तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत. “राजू कधळ येस?” एवढंच त्या रोज विचारत. राजू कधी येतो.

एप्रिल संपता संपता एका दुपारी प्रज्ञाने घरासमोर गाडी लावली. इंजिन बंद केलं, चारही दारांची लॉकं उघडली, आणि वळसा घालून सासूबाईंना उतरवायला गेली, तर त्यांचं दार उघडेना. काचेच्या कडेची लॉकची काळी खुंटी खाली गेलेली. बाकीच्या तिन्ही वर.

तिने पलीकडच्या दाराने आत वाकून खुंटी वर ओढली. “आई, तुम्ही दाबलंत का हे?”

“मी हात बी नई लावा,” झुंबरबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. हॉस्पिटलच्या दारात सगळी लॉकं शहाण्यासारखी उघडत. घरी आलं की मागचं डावं दार बंद. गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाला लागे, म्हणजे ते घराकडचं दार.

२

निंबा मिस्तरीने गॅरेजमध्ये रिमोट दाबदाबून पाहिला. टुक, टुक, टुक. चारही दारं एका दमात बंद, एका दमात उघडी.

“ताई, गाडीत काही नाही.”

“अहो, घरी होतं.”

“मग घराचं बघा ना दुरुस्त करून,” म्हणून तो हसला. प्रज्ञाही हसली.

पण आजारी माणसाला भर मे महिन्यात बंद गाडीत अडकू देऊन चालणार नव्हतं. जळगावचं दुपारचं ऊन. एसी बंद केल्यावर गाडीच्या पत्र्याला हात लावला तरी चटका बसे. एखाद्या दिवशी आपल्याला बाहेर फोन आला, आई आत राहिल्या आणि दार अडलं तर?

राजदीप फोनवर म्हणाला, “दाराच्या आणि बॉडीच्या मध्ये रबरी नळी असते बघ, त्यातली वायर तुटत असेल. दार उघडून-मिटून तुटतेच. व्हिडिओ पाठवतो. जमेल तुला?”

न जमण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या म्हातार्‍यांची शीर कुणाला सापडत नसे त्यांचं रक्त काढायला लॅबमध्ये प्रज्ञालाच बोलवत. जिथे बिघडतं तिथेच उघडून बघू, असं तिने ठरवलं.

समोरच्या लताबाईंनी कुंपणावरून वेगळाच उपाय सुचवला. “लिंबू-मिरची बांधा हो एक. नवी वस्तू आहे घरात.”

ओट्यावरच्या खुर्चीत बसलेल्या झुंबरबाईंनीच त्यांना गप्प केलं. त्यांच्या घरात बुद्धवंदना होई, असल्या गोष्टींना उंबर्‍याच्या आत जागा नव्हती. लग्न होऊन आल्यावर सासरच्या कोनाड्यातले जुने देव नवर्‍याच्या बरोबरीने उचलून नदीत सोडणारी बाई ती. अमावस्येला शेतात एकटी राखणीला झोपलेली. आयुष्यात कशाला भ्यायली असेल तर त्या डायलिसिसच्या जाड सुईला, आणि तेही अलीकडे.

३

गुरुवारच्या सुटीत दुपारी रस्ता सामसूम झाल्यावर प्रज्ञा कडुलिंबाच्या सावलीत कामाला बसली. दाराच्या आतलं पॅड स्क्रू काढून, क्लिपा उचकटून बाजूला केलं. आतला पातळ प्लास्टिकचा कागद हलक्या हाताने सोलला. मग दाराची आतडी दिसली. काचेची यंत्रणा, धुळीचा थर, आणि खाली अंगठ्याएवढ्या दांड्याची ती छोटी मोटर. मोटर एक सळई ओढते, सळई लॉकला आणि वरच्या खुंटीला जोडलेली. रिमोट दाबला की मोटर झटका देते, खुंटी टुककन खाली. एवढंच त्यातलं गुपित.

रबरी नळी मागे सारल्यावर खरंच एक वायर अर्धी तुटलेली सापडली. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच “सापडलीस!” म्हणाली. वायर सोलून जोडली, टेप गुंडाळली, रिमोट दाबला. टुक. उघडलं. टुक. बंद. पुन्हा पुन्हा केलं, एकदाही चुकलं नाही.

तेवढ्यात घरात स्टीलचा पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

“आई, उठलात का? थांबा, मी देते पाणी,” ती ओरडली आणि हात पुसत आत गेली.

झुंबरबाई कूलरसमोर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर पाण्याने भरलेला पेला होता. माठातलं पाणी, पेल्याला बाहेरून घाम फुटलेला. आपणच मघाशी भरून ठेवला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. आणि मघाशी म्हणजे केव्हा, हे आठवायचा प्रयत्न न करता ते पाणी झाडाला घातलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. झुंबरबाईंना भरलेला पेला देणारा घरात एकच माणूस होता. राजदीप. शनिवारी आला की तो आईपुढे पेला धरी, आणि प्रज्ञा रागावली की म्हणे, “अगं, एक दिवस. तहानेने जीव जातो तिचा.”

शुक्रवारी गाडी घरापाशी थांबली. प्रज्ञा वळसा घालून गेली. दार बंद. खुंटी खाली.

तिने आत वाकून बघितलं तर झुंबरबाई जाग्या होत्या. काचेतून घराकडे बघत होत्या.

“माले घरमा नको लई जाऊ,” त्या म्हणाल्या. “थोडीशी आठेच, गाडीमाच बसू दे.”

“का हो आई? बरं वाटत नाही का?”

“घरमाईन राजूना आवाज येस.”

“राजदीप धुळ्याला आहेत, आई. आज शुक्रवार.”

“म्हनूनच ते सांगस ना,” झुंबरबाई म्हणाल्या.

४

रक्तात युरिया वाढला की माणसाला भास होतात. हे प्रज्ञाला शिकवावं लागत नव्हतं, असे रिपोर्ट तिच्याच हाताखालून जात. तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान डोलावली, होऊ शकतं म्हणाले. तिला हायसं वाटलं. भासाचं कारण होतं. आता लॉकचं कारण सापडायचं राहिलं होतं.

वायर चांगली होती, म्हणजे मोटरच खराब असणार. तिने नवी मोटर मागवली आणि ती यायच्या आधी जुनी काढून ठेवायला बसली. दोन स्क्रू, एक जोडणी. मोटर सुटली आणि तिच्या हातात आली. ती तिने पायरीवर ठेवली. आता या दाराला वीज नव्हती, मोटर नव्हती. मागच्या दाराला बाहेरून किल्लीही लागत नाही. आता ती खुंटी हलवायची तर आतून बोटाने दाबायला हवी, दुसरा मार्ग नाही.

बाकीची तीन दारं नीट चालतात ना, हे बघायला तिने चारही दारं लावून रिमोट दाबला.

टुक. तिन्ही खुंट्या एकदम खाली गेल्या. चौथी अर्थातच वर राहिली.

ती मोटर उचलायला वाकली. सरळ झाली तेव्हा चौथी खुंटी खाली जात होती. मोटर देते तसा झटका नव्हता. सावकाश, जरा अडखळत, बोटात फारसा जोर नसलेल्या माणसाने दाबावी तशी. खाली टेकली आणि थांबली.

गाडीत कुणी नव्हतं. तिने काचेला कपाळ लावून पाहिलं. उशी होती, पाण्याची बाटली होती. सीटच्या खाली बघितलं. काही नाही.

उतार असेल. सळईचं वजन असेल. तिने रिमोटने बाकीची लॉकं उघडली, पलीकडून आत शिरली आणि खुंटी चिमटीत धरून वर ओढली. खुंटी बोटभर वर आली आणि अडली. गंजून अडते तशी नाही. तिने जोर केला की तीही खाली ओढी. तिने सैल सोडलं की तीही सैल. मधे एकदा तर तिला धरणार्‍याची थरथर स्पष्ट जाणवली, तापातल्या माणसाचा हात धरल्यावर जाणवते तशी.

प्रज्ञाने हात काढून घेतला. पॅड उघडंच होतं. दाराच्या आत तिला ती सळई दिसत होती, खालपासून वरपर्यंत. तिला काहीच टेकलेलं नव्हतं.

घरातून हाक आली, “अगं, झालं का?”

“आले,” ती सवयीने म्हणाली. आणि मग तिथेच बसून राहिली. आवाज पुरुषाचा होता. तो राजदीपचा आवाज होता, आणि राजदीपने तासाभरापूर्वीच गिरणीतून फोन केला होता.

पुन्हा हाक आली नाही. लताबाईंच्या घरचा टीव्ही चालू होता. मालिकेत कुणी बोललं असेल, असं तिने ठरवलं. ठरवावं लागलं, कारण आई आत झोपलेल्या होत्या आणि तिला आत जायचं होतं.

घरात झोपलेल्या आईंशिवाय कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भरलेला पेला होता.

५

त्या शनिवारी राजदीप आला, तेव्हा तिने त्याला लॉकचं सांगितलं. आवाजाचं नाही सांगितलं. ‘तुझा आवाज येतो’ हे तुला सांगायचं तरी कसं?

त्याने दार उघडून बघितलं. खुंटी वर-खाली केली. तुपासारखी चालली. “मोटर काढलीयेस तर मग कशाला हवंय? फ्यूजच काढून टाक सगळ्या लॉकचा. दोन दिवस हाताने उघडू-लावू.” त्याने स्वतःच स्टिअरिंगखालचा फ्यूज काढला आणि गाडीच्या कप्प्यात टाकला. मग आईजवळ जाऊन बसला. तिचे पाय चेपले, चोरून पेला दिला. त्या दोन दिवसांत घरात काही आवाज झाला नाही, आणि गाडीचं ते दार एकदाही अडलं नाही. झुंबरबाई हसल्या, थोडं जेवल्या. सोमवारी पहाटे तो निघाला तेव्हा त्यांनी त्याची बॅग धरून ठेवली होती.

“र्‍हाय ना रे एक दिन.”

“सुट्टी नाही, आई. शनिवारी येतोच.”

प्रज्ञाला त्या वेळी वाईट वाटलं ते स्वतःसाठी. रोज हात धरून बसणारी मी, आणि बॅग धरायची ती त्याची. मग तिला आपलीच लाज वाटली.

६

मंगळवारी त्या दोघी हॉस्पिटलातून निघाल्या तेव्हा रस्ता पांढरा पडला होता. त्या दिवशी सुई दोनदा टोचावी लागली होती. झुंबरबाईंच्या दंडापासून मनगटापर्यंत काळंनिळं झालं होतं. “बठ्ठं आंग दुखी राह्यनं,” एवढंच त्या बोलल्या आणि आडव्या झाल्या.

गाडी घरासमोर थांबली. एसीसाठी प्रज्ञाने इंजिन चालू ठेवलं. आधी घर उघडावं, कूलर लावावा, मग आईंना न्यावं, असा तिचा विचार होता. ती दार उघडायला वळली आणि तिच्या दाराची खुंटी खाली गेली.

मग शेजारची. मग मागची उजवी. आणि शेवटी घराकडची. एकेक करून, सावकाश, मागच्या वेळी अडखळत गेली होती तशीच. लॉकचा फ्यूज कप्प्यात तिच्या डोळ्यांसमोर पडलेला होता.

घराचं दार आतून उघडलं.

राजदीप बाहेर आला. घरातला बनियन, घरातला पायजमा, हातात पाण्याचा पेला. प्रज्ञाचा जीव भांड्यात पडला. त्याच्याकडे किल्ली असतेच. आईचं मन राखायला सुटी टाकून आला, सांगितलं नाही, एवढंच. तो ओट्यावरून उतरला, फाटकापर्यंतच्या फरशीवर अर्ध्यात येऊन उभा राहिला आणि त्याने हाक मारली, “आई, चल. उतर ना. पाणी आणलंय बघ.”

प्रज्ञा हसली. तिने खुंटी ओढली. खुंटी हलेना.

तेव्हा तिने पुन्हा बाहेर बघितलं. राजदीपच्या पायात काही नव्हतं. त्या फरशीवर दुपारी कुत्रं पाय ठेवत नाही. कपडे वाळत घालायला गेलं तर चपलेतूनही झळ लागते. तो उघड्या तळपायांनी उभा होता आणि पाय बदलत नव्हता. एका पायावरून दुसर्‍या पायावर भार देत नव्हता. माणूस दमून सावलीत उभा राहतो तसा तो उन्हात उभा होता, आणि हसत होता.

“आई,” प्रज्ञा हळूच म्हणाली, “आपण जाऊ या. लताबाईंकडे नको, सरळ धुळ्याला जाऊ.” तिचा हात गियरवर गेला.

मागे झुंबरबाई उठून बसल्या होत्या. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. भीती नव्हती त्यावर. फार दिवसांनी पत्र यावं तसं काहीतरी होतं.

“तो बलाई राह्यना,” त्या म्हणाल्या. तो बोलावतोय.

“आई, ते राजदीप नाहीत.”

“नई शे,” झुंबरबाई लगेच म्हणाल्या. “माले काय समजत नई का वं? राजू मना पोर्‍या शे, मी नई ओळखाव?”

“मग?”

झुंबरबाईंनी काळ्यानिळ्या हाताकडे पाहिलं. “मनाघाई आते व्हत नई, पोरी.” त्यांच्याच्याने आता सोसत नव्हतं. मग जणू प्रज्ञाचीच समजूत काढावी तशा म्हणाल्या, “आवाज ते त्यानाच शे ना.”

त्यांनी खुंटीवर हात ठेवला. ती त्यांच्या हाताला अडली. प्रज्ञाने मागे वळून त्यांचा हात धरला, पदर धरला. झुंबरबाई खुंटीशी बोलल्या, खुंटीशीच, सासरी निघालेल्या पोरीला समजवावं तसं. “सोड. जाऊ दे माले.”

खुंटी वर आली.

दार उघडलं आणि भट्टीसारखी हवा आत शिरली. पदर प्रज्ञाच्या हातातून निसटला. दार लागलं, आणि पुन्हा खाली गेलेली खुंटी तिने दोन्ही हातांनी ओढली तरी वर येईना. तिने हॉर्न दाबला, दाबून धरला. रस्त्यावर एक खिडकी उघडली नाही. कूलर लावून झोपलेल्या कॉलनीत हॉर्न कुणाला ऐकू येतो?

झुंबरबाईंच्या चपला सीटखालीच राहिल्या होत्या. फाटकातून आत पाऊल टाकताच त्या कळवळल्या. एक पाय उचलला, दुसरा उचलला, लुगडं वर धरून तुरुतुरु दोन पावलं टाकली, चटका बसलेलं माणूस टाकतं तशी. त्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

आणि मग त्यांनी पाय उचलणं सोडलं. तळवे पूर्ण टेकवून, सावकाश, मळ्यातून चालावं तशा त्या फरशीवरून चालत गेल्या. वर्षभरात आधाराशिवाय चार पावलं न टाकलेली बाई ओट्याची पायरी सरळ चढली. दोघं आत गेली. दार लागलं.

गाडीतल्या खुंट्या एकेक करून वर आल्या. कुणीतरी धरलेला हात सैल सोडावा तशा.

७

ती धावत आत गेली. घर थंड होतं, कूलर चालू होता. झुंबरबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. हातातला पेला रिकामा होता. दुसरं कुणी नव्हतं. मोरीत नाही, मागच्या अंगणात नाही. मागच्या दाराला आतून कडी होती.

प्रज्ञाने आधी त्यांचे तळपाय बघितले. फोड नव्हता. लालीसुद्धा नव्हती. मग तिने त्यांचा डावा हात हातात घेतला आणि कोपराच्या आत बोटं ठेवली.

कातडीखाली काहीच हलत नव्हतं. घरघर थांबली होती. तिने बोटं दाबली, जागा बदलली, कान लावला. हात गार होता, माठाच्या पोटासारखा.

“काय बघतेस, प्रज्ञा?” आई म्हणाल्या. “बस ना जरा. किती वेळ उन्हात होतीस.”

प्रज्ञा बसली नाही. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून झुंबरबाईंनी तिला नावाने हाक मारलेली नव्हती. ‘पोरी’ म्हणत, रागावल्या की नुसतं ‘वं’ म्हणत. आणि असं स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखं मराठी तर त्या डॉक्टरांशीही बोलल्या नव्हत्या. त्यांना येतच नव्हतं.

“फार केलंस गं माझं,” आई म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला. “कुणी सख्ख्या मुलीने केलं नसतं.”

हे एक वाक्य ऐकायला प्रज्ञा किती वर्षं थांबली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

८

पुढे सगळं चांगलंच झालं. डॉक्टरांनी रक्त पुन्हा काढायला लावलं, नमुना बदलला असेल म्हणून. बदलला नव्हता, प्रज्ञाने स्वतः काढला होता. युरियासुद्धा निरोगी माणसासारखा, सगळं जिथल्या तिथे होतं. हातातली जोडणी बंद पडलीय खरी, डॉक्टर म्हणाले, पण आता तिची गरजही दिसत नाही, कधीकधी असं घडतं. राजदीप हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला.

“आई मराठी बघ कशी बोलायला लागली,” तो कौतुकाने सांगे. “हॉस्पिटलातल्या नर्सच्या संगतीने.” लताबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. प्रज्ञा रात्रंदिवस शब्द जुळवत राही. ‘तुझी आई शुद्ध बोलते.’ ‘तुझी आई माझ्याशी गोड वागते.’ यातलं कुठलं वाक्य नवर्‍याला सांगायचं? एकदा तिने जोर करून म्हटलं, “राजदीप, या आपल्या आई नाहीत.” तो प्रेमानेच म्हणाला, “दमलीयेस तू. खूप केलंस तिचं. आता जरा आराम कर.”

हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने लॉकची नवी मोटर बसवली. फ्यूज जागेवर लावला, क्लिपा दाबल्या, पॅड बसवलं. आता लॉक कधीच अडत नव्हतं. ती कितीतरी दुपारी एकटी मागच्या सीटवर जाऊन बसली. खुंटीकडे बघत बसली, हळूच विचारलंही, “आहे का कुणी?” खुंटी हलली नाही. जे कुणी होतं ते निघून गेलं होतं, किंवा हरलं होतं.

मग आई म्हणाल्या, “गावाला जाऊ या. सगळ्यांना भेटायचंय मला.”

गाव धुळ्याच्या पलीकडे. तिथे सगळी भावकी, दीर, जावा, पोरंबाळं, पुतण्याची बाळंत झालेली बायको. प्रज्ञाने ड्यूटीचं निमित्त केलं, उन्हाचं केलं. राजदीप चिडला. “तिला कधी नव्हे ते बरं वाटतंय, आणि तू?” रविवारी सकाळी ते निघाले. “तू माझ्याजवळ बस,” आई म्हणाल्या, म्हणून प्रज्ञा मागे त्यांच्या शेजारी बसली. पारोळा गेलं, धुळं गेलं. आई वाटेतल्या झाडांकडे, माणसांकडे, शाळेच्या पटांगणात खेळणार्‍या पोरांकडे निवांत बघत होत्या. वेड्यावाकड्या रस्त्याने गाडी गावात शिरली आणि घरापुढे थांबली.

अंगणात सगळे उभेच होते. राजदीप किल्ली घेऊन उतरला, डिकीतून पिशव्या काढायला गेला. आईंची थोरली जाऊ कौतिकबाई, वाकलेली, कपाळावर हात आडवा धरून गाडीकडे बघत पुढे येऊ लागली. तिच्या मागे काखेत बाळ घेतलेली सून.

प्रज्ञा आईंच्या अंगावरून पुढे वाकली. तिने खुंटीवर बोट ठेवलं आणि ती खाली दाबली.

कौतिकबाईंनी बाहेरून दार ओढलं. उघडलं नाही.

“अरे, लॉक झालं बघ परत,” राजदीप हसत म्हणाला. “प्रज्ञा, उघड ना.”

प्रज्ञाने दोन्ही अंगठे खुंटीवर टेकले. सगळं वजन टाकलं. आईंच्या गार मांडीवर तिचा कोपर रुतला होता. आई हलल्या नाहीत, रागावल्या नाहीत. तिच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, “हात दुखतील गं तुझे. किती वेळ धरशील?”

बाहेर राजदीपने रिमोट दाबला. मोटरने झटका दिला, प्रज्ञाने तो पेलला. त्याने पुन्हा दाबला. नवी मोटर होती, नवी वायर होती, सळईला तिने स्वतःच्या हाताने तेल दिलं होतं. काचेपलीकडे राजदीपचा चेहरा आता हसत नव्हता. बाळ रडायला लागलं होतं. “काय करतेयस तू?” त्याने पुन्हा दाबला. पुन्हा. प्रज्ञाचे घामेजलेले अंगठे घसरले आणि खुंटी टुककन वर आली.

कौतिकबाईंनी दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले. “वनी का वं झुंबर? कव्हयनी वाट देखी राह्यनू मी!”

“आले हो, आले,” आई म्हणाल्या, आणि त्यांनी ते हात घट्ट धरले.